दोन तासांचं वादळ, दहा वर्षांची वाडी

दिवेआगरच्या एका वाडीत एक वाकडी पोफळ उभी आहे. जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत ती पूर्वेकडे कललेली आहे, तिथून हळूच वळून सरळ आभाळाकडे गेलेली. पोफळ फक्त शेंड्याकडून वाढते. एकदा कललेलं खोड पुन्हा सरळ होत नाही, पुढची वाढ तेवढी वळते. वाडीचे मालक साठीच्या घरातले. त्यांनी त्या वळणावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "इथपर्यंतची निसर्गच्या आधीची. इथून वरची नंतरची." झावळी गळली की खोडावर कडं राहतं. वळणाच्या वरची कडी ते बोटानं मोजत गेले. आजूबाजूला गुडघ्याएवढी, कमरेएवढी, काही डोक्याच्या वर गेलेली पोफळीची रोपं, मध्ये केळी, आणि त्या सगळ्यांच्या वर उरलेसुरले चार-दोन माड. पूर्वी या वाडीत दुपारी बाराला उन्हाचा कवडसा शोधावा लागे. आता ऊन थेट जमिनीवर उतरतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'महाकाय' हा विषय दिला, तेव्हा मला वादळांवर लिहावंसं वाटलं. प्रचंड वादळ म्हटलं की आपण वाऱ्याचा वेग विचारतो, मग किती माणसं गेली ते विचारतो. दोन्ही आकडे ऐकले की वादळ कळलं असं वाटतं. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाचे हे दोन्ही आकडे जगातल्या मोठ्या वादळांपुढे लहानच आहेत. तरी पाच वर्षांनी श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर आणि खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीच्या गावांत हिंडताना एकही आगर असं दिसलं नाही, जिथे ते वादळ संपलं आहे असं कुणी म्हणेल.

त्रयोदशीची दुपार

निसर्ग फार घाईनं आलं. १ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता, २ जूनला त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ जूनच्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला, मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात ते जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३०पर्यंत. बंगालच्या उपसागरातली वादळं बरेचदा तीन-चार दिवसांची सवड देतात. इथे समुद्रातल्या त्या पट्ट्याचा जोर वाढू लागल्यापासून कौलं उडेपर्यंत जेमतेम दोन दिवस मिळाले.

आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. ते नैऋत्येकडून येऊन कोकण किनाऱ्याला भिडलं, की केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि उत्तरेला जमिनीवरून समुद्राकडे जातो. दक्षिणेच्या बाजूला वादळाच्या फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र होतात. म्हणून त्या दुपारी मुंबई बचावली आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली सोलून निघाले. टीव्हीवर दिवसभर मुंबईचा किनारा दाखवत होते. वादळ शंभर किलोमीटर खाली होतं.

श्रीवर्धनमधल्या एका आजींनी त्या दुपारचा क्रम सांगितला, तो हवामानाच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळतो. "आधी वारा दक्षिणेकडून. तेव्हा वाटलं, नेहमीचंच. मग फिरला आणि समुद्राकडून आला. कौलं अशी उडायला लागली की पाखरांचा थवा उठला की काय! आम्ही सगळी माजघरात, देवाजवळ. तिथे वर माळा होता ना, म्हणून." मे महिन्यात घर शाकारून झालं होतं. कोने बसवले होते, फुटकी कौलं बदलली होती. एका दुपारीत आढं उघडं पडलं आणि पुढे अख्खा पावसाळा होता. त्यात टाळेबंदी. ताडपत्री मिळेना, पत्रे मिळाले तर भाव चढलेले, सुतार आपापल्या घरांच्या दुरुस्तीत. विजेचे खांब इतके आडवे झाले की कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. पंप बंद, म्हणून विहिरीवर पुन्हा दोर-कळशी आली. मोबाइलचे मनोरे बंद, म्हणून मुंबईतल्या लेकरांना घरचे जिवंत आहेत हे कळायलाही काही दिवस गेले.

एक गोष्ट मात्र थोडक्यात टळली. कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. ३ जूनला सकाळी त्रयोदशी लागली होती. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे पूर्ण भरती दहाच्या सुमारास येऊन गेली आणि वादळ चढलं तेव्हा पाणी ओसरत होतं. त्याच घटकेला ते दोन दिवसांनी, वटपौर्णिमेला आलं असतं, तर ऐन दुपारच्या उधाणावर आलं असतं. वादळ समुद्राचं पाणी ढकलून किनाऱ्यावर चढवतं. ते ढकललेलं पाणी उधाणाच्या पाण्यावर चढलं की त्याला कुठलाच बांध पुरत नाही. खाडीकाठच्या खारभूमीत राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

आकार आणि जोर

वादळाचा आकार आणि वादळाचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७९मध्ये पॅसिफिक महासागरात टिप नावाचं वादळ झालं. त्याच्या घोंघावत्या वाऱ्यांचा घेर सुमारे २,२०० किलोमीटर होता, म्हणजे मुंबई ते कोलकाता अंतराहून मोठा. उलट १९७४च्या ट्रेसी वादळाचा जोरदार वारा केंद्रापासून जेमतेम पन्नास किलोमीटरपर्यंत होता, तरी त्यानं ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर नाताळच्या दिवशी जमीनदोस्त केलं. आपलं हवामान खातं वर्गवारी करतं ती वाऱ्याच्या टिकून राहणाऱ्या वेगावर. ताशी ६२ किलोमीटरला चक्रीवादळ, ८९ला तीव्र, ११८ला अतितीव्र, त्याच्या वर आणखी एक पायरी, आणि २२२च्या पुढे महाचक्रीवादळ. या शिडीवर निसर्ग 'तीव्र'च्या वरच्या टोकाला, अतितीव्रच्या उंबऱ्यावर बसतं. वाऱ्याचा दाब मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की झाडावर पडणारा जोर चौपट होतो. आकड्यात थोडासा वाटणारा फरक माडाच्या बुंध्याला फार मोठा असतो.

वादळाला हे बळ समुद्राच्या उष्णतेतून मिळतं. पृष्ठभागाचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं हवं, आणि ती ऊब वरच्या पापुद्र्यापुरती नको, चांगली पन्नासेक मीटर खोल हवी. रहाटाच्या पोहऱ्यांनी विहिरीतलं पाणी उपसून वर चढवावं, तशी तापलेल्या पाण्याची वाफ समुद्रातली उष्णता उपसून आभाळात नेते. वर गेल्यावर वाफेचं पाणी होतं, ती उष्णता हवेत मोकळी होते, हवा आणखी हलकी होऊन चढते आणि खालून नवी हवा ओढली जाते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ही ओढली जाणारी हवा सरळ न येता वळत येते. एवढं जुळून आलं तरी वादळ होईलच असं नाही. खालचा वारा आणि वरचा वारा यांच्यात फार तफावत असेल, तर हा मनोरा मध्येच कापला जातो. ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रावर खाली नैऋत्येचे आणि वर पूर्वेचे वारे जोरात वाहतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टात इथे चक्रीवादळं जवळजवळ होत नाहीत. होतात ती मे-जूनमध्ये, पाऊस येण्याच्या तोंडावर, किंवा पाऊस परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरात. म्हणजे एकदा आंबा उतरवायच्या वेळी आणि एकदा भात कापायच्या वेळी.

२०१९च्या दिवाळीत हेच झालं. क्यार नावाचं वादळ रत्नागिरीपासून फार दूर नसलेल्या समुद्रातून वर सरकलं आणि २७ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, महाचक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात २००७च्या गोनूनंतरचं हे पहिलंच. ते जमिनीवर न येता ओमानच्या दिशेनं गेलं आणि समुद्रातच विरलं. पण सिंधुदुर्गात देवबागसारख्या गावांत समुद्राचं पाणी शिरलं, आणि कोकणभर कापलेलं भात शेतातच भिजून त्याला मोड आले. महाचक्रीवादळ असं शेकडो किलोमीटरवरूनही हात लावून जातं.

त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. इतकी वादळं त्याआधी १९०२मध्ये झाली होती. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या मेधा देशपांडे आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांसह चार दशकांच्या नोंदी तपासल्या. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. अतितीव्र वादळांची वाढ त्याहून जास्त, १५० टक्के. वादळं टिकतातही जास्त काळ. बंगालच्या उपसागरात याच काळात संख्या किंचित घटली. अरबी समुद्र हा आपला शांत समुद्र, हे कोकणातल्या चार पिढ्यांनी गृहीत धरलं होतं. नारळी-पोफळीची आगरं थेट पुळणीला लागून लावली गेली, ती याच भरवशावर. तो भरवसा आता धरता येत नाही, असं मला हे आकडे वाचून वाटतं.

बावटा

श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर दुपारी जाळी दुरुस्त करत बसलेल्या मच्छीमारांशी बोलले. हवामानाचा इशारा त्यांच्या तोंडी आजही बावट्याच्या नंबरानं येतो. "तीन नंबरचा लागला की मोठी बोट विचार करते, होडी जात नाही," एक जण म्हणाला. बंदरावर दिवसा खुणेचे आकार चढवायचे आणि रात्री लाल-पांढरे दिवे लावायचे, ही पद्धत जुनी आहे. तीन नंबर म्हणजे सावधगिरी, पुढे चढत दहा म्हणजे महासंकट. अकरावा नंबर सगळ्यात भीतीदायक, कारण त्याचा अर्थ हवामान केंद्राशी संपर्कच तुटला आहे. आता हेच इशारे मोबाइलवर आधी येतात. पण बोट किनाऱ्यापासून लांब गेली की मोबाइल मुका होतो, आणि मग बिनतारी संचावर शेजारच्या बोटीनं सांगितलं तरच कळतं.

निसर्ग आलं तेव्हा मासेमारीची पावसाळी बंदी सुरू होऊन तिसरा दिवस होता. १ जूनपासून यांत्रिक बोटींना समुद्रात जायला मनाई असते, त्यामुळे बोटी ओढून, शाकारून ठेवलेल्या होत्या. त्या मोडल्या, पण त्यांच्यावर माणसं नव्हती. राज्यात बळी दोन अंकी झाले नाहीत, त्यात वेळेवर माणसं हलवणाऱ्या यंत्रणेचा वाटा आहे तसा या तारखेचाही आहे.

पुढच्याच वर्षी तारीख उलटी पडली. १४ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ तयार झालं, तेव्हा बंदी लागायला पंधरवड्याहून जास्त अवकाश होता आणि हंगामाचे शेवटचे दिवस गाठायला बोटी बाहेर होत्या. तौक्ते कोकण किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि १७ मेच्या रात्री दीवजवळ गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. निसर्गपेक्षा ते कितीतरी जोरकस होतं. सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस पडला, मे महिन्यातला विक्रम. मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ जण होते. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर जहाजांनी खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना जिवंत काढलं. बाकीचे सत्तरहून जास्त गेले. इशारा तीन दिवस आधीपासून होता. हवामान खात्याचा अंदाज बरोबर होता, आणि तरी माणसं समुद्रात राहिली. अंदाज सुधारण्यावर आपण खूप मेहनत घेतली. तो ऐकून काम थांबवायचा निर्णय कुणी घ्यायचा, आणि थांबलेल्या कामाचं नुकसान कुणी सोसायचं, हा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

जीवना बंदरावरच्या माणसांना तौक्तेपेक्षा त्या आधीचं ओखी जास्त आठवत होतं. २०१७च्या डिसेंबरात केरळ-तमिळनाडूच्या बोटी वादळापुढे पळत पळत थेट देवगडला लागल्या होत्या. भाषा कळत नव्हती, पण दक्षिणेकडच्या त्या खलाशांना सिंधुदुर्गात जेवण, कपडे आणि निवारा मिळाला, हे इथल्या दर्यावर त्यांच्याकडून ऐकलेलं.

आगराचं वय

आता वाडीकडे येते, कारण या लेखात मला सांगायचं आहे ते तिथेच आहे.

श्रीवर्धन-दिवेआगरची वाडी म्हणजे मजल्यांची शेती. सगळ्यात वर माड. त्याखाली पोफळ. पोफळीच्या खोडावर चढलेले मिरीचे वेल. मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, कोकम. जमिनीलगत केळ, अननस, अळू. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं याच जुन्या पद्धतीला शास्त्रशुद्ध आखणी दिली आणि त्याला 'लाखी बाग' म्हटलं. श्रीवर्धनला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे आणि इथल्या मोठ्या, पांढऱ्या गराच्या रोठा सुपारीवरून निवडलेल्या वाणाचं नावच 'श्रीवर्धनी'. दहा-वीस गुंठ्यांत एका घराचा वर्षाचा खर्च निघतो तो या मजल्यांमुळे. वर माड आहे म्हणून पोफळीला सावली आणि ओलावा, पोफळ आहे म्हणून मिरीला आधार. एकाच्या आधारानं दुसरं.

वादळात हेच उलटं झालं. माडाची मुळं तंतूसारखी, फार खोल न जाणारी. वाऱ्यात माड वाकतो, लवचीक असतो, पण पुळणीची जमीन भिजून सैल झाली की म्हातारा माड मुळासकट उलथतो. पडताना तो पाच-सहा पोफळी घेऊन पडतो. पोफळ बारीक आणि उंच, ती मधूनच मोडते. पोफळीबरोबर मिरी गेली. आणि जे पडलं नाही ते उन्हात उघडं पडलं.

हे शेवटचं मला आधी ठाऊक नव्हतं, ते वाडीत उभं राहून समजलं. त्या साठीच्या मालकांनी एका जुन्या पोफळीच्या खोडाची नैऋत्येकडची बाजू दाखवली. हिरवट करड्या खोडावर तेवढीच बाजू तपकिरी, भाजल्यासारखी, उभी चिरलेली. आयुष्यभर सावलीत वाढलेल्या खोडावर दुपारचं तिरपं ऊन थेट पडलं की ते करपतं. मग साल तडकते, आत कीड-बुरशी शिरते, आणि दोन-तीन वर्षांनी साध्या पावसाळी वाऱ्यात झाड त्याच जागी मोडतं. "वादळात राहिली म्हणून आनंद केला, त्यातल्या कितीतरी नंतर गेल्या," ते म्हणाले. "त्या कुठे मोजणार?" आता ते उरलेल्या खोडांना त्या बाजूनं पोफळीच्याच झावळ्या आणि विऱ्या गुंडाळून ठेवतात, आणि त्याच दिशेला केळीची रांग लावली आहे. लहान रोपालाही पहिली काही वर्षं अशीच सावली लागते. सावली देणारे माड पडले, म्हणून आधी केळ लावा, केळ वाढली की पोफळ लावा. वाडी उभी करायचं काम म्हणजे आधी सावली उभी करायचं काम.

पडलेल्या झाडांचं पुढे काय झालं, तीही एक कथा आहे. एरवी पोफळीचं खोड वाया जात नाही. मांडवाला, साकवाला, पन्हळीला लागतं. माडाचे वासे होतात. पण प्रत्येकाच्याच वाडीत ढीग पडल्यावर घेणार कोण? टाळेबंदीत मजूर नाहीत, करवती भाड्यानं मिळेनात. ओंडके पावसात कुजत पडले. कुजलेल्या ओंडक्यात आणि शेणखताच्या खड्ड्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. हा भुंगा माडाच्या कोवळ्या सुईत शिरून ती कुरतडतो, मग उमललेली झावळी कात्रीनं कापल्यासारखी दिसते. त्यानं केलेल्या जखमेतून सोंड्या भुंगा आत शिरतो आणि तो आतून खोड पोखरतो. शेंड्याला कळेपर्यंत झाड हातचं गेलेलं असतं. कृषी सहायक सांगतात की खतखड्ड्यात हिरवी बुरशी सोडा, ओंडके जाळा किंवा गाडा. ज्यांनी वेळेत साफसफाई केली त्यांच्या बागा वाचल्या. ज्यांचे मालक मुंबईत अडकले होते त्यांच्या वाडीतले भुंगे शेजाऱ्याकडे आले. वादळानं कुंपण मानलं नव्हतं, भुंगेही मानत नाहीत.

पोफळीला पहिली सुपारी यायला पाच ते सात वर्षं लागतात, भरात यायला दहा. उंच जातीच्या माडाचं तेच. जायफळ सात-आठ वर्षांनी फळतं, आणि ते झाड नर आहे की मादी हे बियांपासूनच्या रोपात फुलल्याशिवाय कळत नाही. पंचावन्नाव्या वर्षी ज्याची वाडी गेली तो पुन्हा लावतो ते स्वतःसाठी नसतं. पुढची पिढी पनवेल-डोंबिवलीला नोकरीत. कुणासाठी लावायचं, हा प्रश्न इथे कुणी चारचौघांत बोलत नाही. पण रस्त्याकडेच्या कित्येक वाड्यांच्या जागी आता पर्यटकांच्या खोल्या उभ्या आहेत, त्यात या प्रश्नाचं उत्तर दिसतं. त्यासाठी कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. खोली दुसऱ्या वर्षी पैसे देते.

सातबारा आणि पंचनामा

वादळानंतर सरकारनं मदत केली नाही असं नाही. फळबागांसाठी आपत्ती निधीचा ठरलेला दर हेक्टरी १८,००० रुपये होता, तो वाढवून ५०,००० केला. पूर्ण पडलेल्या घराची मदत दीड लाखावर नेली. पुढे, हेक्टरचं माप कोकणात बसत नाही ही ओरड ऐकून झाडावर दर ठरवला. माडाला २५० रुपये, पोफळीला ५०.

हिशेब करून पाहा. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. दहा गुंठ्यांची वाडी पूर्ण झोपली तर हेक्टरी दरानं मिळतात पाच हजार रुपये. झाडाच्या दरानं पाहायचं तर पोफळी २.७ मीटरवर लावल्या तर दहा गुंठ्यांत एकशेसदतीसच्या आसपास बसतात, त्यांचे सात हजारही होत नाहीत. त्या पैशांत पडलेली झाडं तोडून उचलण्याची मजुरी भागत नाही. भरात आलेली एक पोफळ एका वर्षात पन्नास रुपयांहून कितीतरी जास्त सुपारी देते, आणि ती चाळीसेक वर्षं देणार होती. पंचनाम्याच्या कागदावर क्षेत्र आहे, झाडांची संख्या आहे. झाडाचं वय लिहायला रकाना नाही. तीन वर्षांचं रोप आणि आजोबांनी लावलेली पोफळ, दोघांचा दर एक.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. कोकणातला सातबारा सामाईक असतो. दहा गुंठ्यांवर वीस-पंचवीस नावं, त्यातली काही वारलेली, काही मुंबई-पुण्यात, एखादं परदेशात. वाडी कसतो एक, पण मदत खात्यावर यायला बाकीच्यांची संमतीपत्रं हवीत. तीही टाळेबंदीत, नेटवर्क नसताना. शिवाय पीकपाहणीत बरेचदा फक्त नारळ-सुपारीची नोंद. मिरी, जायफळ, दालचिनी कागदावर नव्हतीच, मग ती पडली कशी? एका तलाठ्यानंच मला हे सगळं समजावलं. त्याच्या हाताखाली अनेक गावं होती, रस्ते झाडांनी बंद होते, आणि लोक रोज दारात येत होते.

अशीच गत घाटावर झाली. निसर्ग किनारा ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरलं. मावळात फुलांची हरितगृहं फाटली, हे सगळ्यांनी पाहिलं. पण जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आदिवासींचं वर्षाचं रोख उत्पन्न ज्यावर चालतं तो बाळहिरडा गेला. हिरडा शेतात पेरलेलं पीक नाही, म्हणून नेहमीच्या निकषात त्याला जागा नव्हती. त्याच्या भरपाईसाठी किसान सभेच्या झेंड्याखाली लोकांना काही वर्षं मोर्चे आणि उपोषणं करावी लागली.

पूर्व किनाऱ्याकडून

ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ला पारादीपजवळ महाचक्रीवादळ चढलं, ताशी अडीचशे किलोमीटरहून जास्त वेगानं, आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याच वर्षी ओडिशानं स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभारलं, किनाऱ्यावर खांबांवर उचललेली निवारा केंद्रं बांधली, गावागावात पथकं तयार केली. २०१३मध्ये फायलीन आलं, २०१९च्या मेमध्ये फनी पुरीला धडकलं. फनीच्या आधी दहा लाखांहून जास्त लोक हलवले गेले आणि बळींचा आकडा शंभराच्या आत राहिला. हे काम जगानं वाखाणलं, आणि ते वाखाणण्याजोगंच आहे. फनीतही पुरी परिसरात माड आणि इतर झाडं असंख्य गेली. जीव वाचवायचं तंत्र आपल्या देशाला साधलं आहे. जिवंत राहिलेल्या माणसानं पुढची दहा वर्षं कशावर काढायची, याचं तंत्र ओडिशालाही अजून पुरतं सापडलेलं नाही.

कोकणात काही गोष्टी हळूहळू होत आहेत. केंद्राच्या चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पात अलिबागला वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचं काम धरलं गेलं, खारबंदिस्तीची कामं निघाली. मला वाटतं, सगळ्यात आधी पंचनाम्याचा नमुना बदलायला हवा. झाडाचं वय लिहा आणि मदत एका हप्त्यात न देता झाड फळेपर्यंत दरवर्षी थोडी थोडी द्या. पहिल्या वर्षी साफसफाईची मजुरी, पुढची वर्षं रोपाची राखण. रोजगार हमीतून लागवडीचे पैसे मिळाले त्या वाड्या आज चांगल्या दिसतात, कारण तो पैसा टप्प्याटप्प्यानं आला आणि रोप जगलं तरच आला. एवढा पुरावा डोळ्यांसमोर आहे.

दिवेआगरच्या किनाऱ्यावर सुरूचं बन होतं. त्याचा बराच भाग आडवा झाला. सुरू लवकर वाढतो, पण त्याची मुळं वरच्यावर पसरतात. गावातल्या काहींचं म्हणणं असं, की नुसता सुरू पुन्हा लावण्याऐवजी आधी पुळणीवर केवडा आणि मर्यादवेल येऊ द्यावी, त्यामागे उंडी आणि करंज लावावेत, आणि आगर त्याच्याही मागे सरकवावं. आगर मागे सरकवायचं म्हणजे समुद्राकडची पहिली ओळ सोडून द्यायची. एका घराला ते परवडत नाही, गावानं मिळून ठरवलं तरच जमेल. ग्रामसभेत यावर बोलणं झालं आहे, निर्णय व्हायचा आहे.

वाडीवाल्या काकांनी तोवर आपल्यापुरतं एक ठरवलं आहे. बेण्याची सुपारी ते आता बाहेरून आणत नाहीत. वादळात जी झाडं मोडली नाहीत, आणि नंतर उन्हानंही करपली नाहीत, त्या पोफळींना त्यांनी गेरूचा पट्टा मारून ठेवला आहे. पूर्ण पिकलेली, वजनाला भारी सुपारी तेवढ्याच झाडांची काढायची, पाण्यात टाकायची, देठाकडची बाजू वर ठेवून उभी तरंगेल तीच रुजत घालायची. यंदा त्यांच्या वाफ्यात अशी दोनशेच्या वर रोपं आहेत. त्यातली निम्मी शेजारच्या दोन वाड्यांनी आधीच मागून ठेवली आहेत.